गोष्ट तिसऱ्या पानावर आहे

पुणे, सदाशिव पेठ
रविवार, दुपार

प्रिय नंद्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. हल्ली पोस्टमन जिना चढून वर आला की शेजाऱ्यांना वाटतं, कोर्टाची नोटीस आली. आईनं ते आधी उजेडाकडे धरून पाहिलं, अक्षर ओळखलं आणि मगच माझ्या हातात दिलं.

सरळ मुद्द्यावर येतो. लिहिणं पार अडलंय, हे कळवायला तू सहा पानं लिहिलीस. सहा पानं, आणि खाडाखोड जवळजवळ नाहीच! त्यातल्या तिसऱ्या पानावर आत्याच्या खानावळीबद्दल जे आहे, ते मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वहीत प्रत्येक मेंबरचं एक पान. खाडा आदल्या रात्री सांगितला तरच धरायचा, नाहीतर जेवा न जेवा, पैसे पूर्ण, हा तिचा कायदा. मग त्या उदगीरच्या मुलाचे वडील गेले, तो कुणालाच न सांगता रात्रीच्या एसटीनं निघून गेला, आणि आत्यानं आपणहून त्याच्या पानावर तेरा दिवसांचे खाडे मांडले. परत आल्यावर तो सगळ्या महिन्याचे पैसे पुढं करायला लागला, तर म्हणाली, ‘वहीत नाही ते मी घेत नाही.’ आई ऐकताना भाजी निवडायची थांबली होती. आणि तू काय केलंस? लगेच खाली लिहिलंस, ‘असो, विषयांतर झालं, माफ कर.’

अरे गाढवा, विषय तोच होता.

सोबतचं कथेचं पहिलं पान मात्र मी आईला दाखवलं नाही. ‘सायंकाळच्या तांबूस प्रकाशात ते महानगर आपल्या एकाकीपणात बुडून गेले होते.’ नंद्या, हे कोण बोलतंय? गुडलकला बन मस्का खाता खाता तू गोष्ट सांगायला लागलास की शेजारच्या टेबलावरचे लोक चहा थंड करायचे. कोरा कागद समोर आला की तोच माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो. पहिलं वाक्य असं जड झालं की दुसरं त्याहून जड लागतं, तिसऱ्याला दम संपतो. याला तू ‘आतलं आटलं’ म्हणतोस. मला नाही पटत. आटलेला माणूस पोस्टाचं जादा तिकीट लावावं लागेल एवढं जाड पत्र धाडत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की ती कथा मला पत्र म्हणून लिही. वर ‘प्रिय बाळ्या’ घाल आणि सुरू हो. संपादक नको, वाचक नको, मराठी साहित्य तर नकोच नको. मायना नंतर कापता येतो. आणि तो गुळगुळीत महागडा कागद आधी कपाटात टाक. पाठकोरे घे, बँकेत तुझ्याकडे ढिगानं असतील. मागच्या बाजूला कुणाच्या तरी कर्जाचा अर्ज छापलेला असला की पुढच्या बाजूचा धाक उरत नाही.

तू विचारलंयस की मोठे लोक काय करत होते. ट्रॉलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द पाडायचा. तुझ्यासारख्या नोकरदाराला हे ऐकायला बरं वाटेल, पण मला विचारशील तर नादाला लागू नकोस. शब्द मोजायला लागलास की तू दिवसभर बँकेत करतोस तेच घरी करशील. हेमिंग्वेचं मात्र मला उपयोगी पडलं. पुढं काय घडणार हे माहीत असतानाच दिवसाचं काम थांबवावं, असं तो सांगायचा. मी आता प्रसंग मुद्दाम अर्धा सोडतो. डेक्कनला मेट्रोत चढलो की कल्याणीनगर येईपर्यंत उरलेला अर्धा डोक्यात चालू राहतो, त्यात भोवतीच्या लोकांचे फोनवरचे संवाद आयते मिळतात. हात न थांबवता मनात येईल ते लिहीत सुटायचं, हाही एक उपाय सांगतात. माझ्या बाबतीत त्यातून वाण्याची यादी तयार झाली.

आणि आपल्या पुण्याचे हरिभाऊ आपटे बघ. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः छापली. दर आठवड्याला अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. पहिलं प्रकरण वर्षभर घासत बसायची चैन तिथं नव्हती. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, तरी आज कुणी त्यांना त्याबद्दल जाब विचारत नाही. तू मात्र पहिलंच पान अकरा वेळा लिहून मला पाठवतोस. दुसरं पान बघितलंयस का कधी?

दिवाळी अंकाची मुदत जवळ आलीय म्हणून झोप उडालीय, असंही लिहिलंयस. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी कथाकारांची पावसाळ्यातली झोप उडालेलीच आहे. या वर्षी नाही जमलं तर नाही. पण झोप खरंच महिनोन् महिने येत नसेल, तर कथा बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. तो कथेचा प्रश्न नाही.

आता खानावळीकडे. मला काही गोष्टी कळायला हव्यात. ते खाडे आत्यानं कधी मांडले, बातमी कळली त्याच दिवशी की तो परत आल्यावर, घाईघाईनं? तिला वडील गेल्याचं सांगितलं कुणी? इतर मेंबरांनी कुरकुर केली असणारच. एखाद्याचा खाडा तिनं आदल्याच आठवड्यात नाकारला असेल, तो काय म्हणाला? मला तर वाटतं गोष्ट त्याच्याच तोंडून यावी. उदगीरचा मुलगा सांगायला लागला की तू लगेच गळा काढशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. हा दुसरा कुढा माणूस मात्र नुसता हिशेब सांगेल. सुरुवात मधूनच कर, पैसे पुढं केले तिथून. महानगर, सायंकाळ वगैरे लागलंच तर बघू.

काकूंना नमस्कार. चिंगीची दहावी कशी चाललीय? इकडे वाड्याच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. दर मीटिंगला तीच माणसं त्याच मुद्द्यावर उठून जातात आणि चहा आला की परत येतात.

तुझा,
बाळ्या

ता. क. आत्याची ती वही कुणाकडे आहे, हे काकांना विचार. रद्दीत गेली नसेल तर पंधरा ऑगस्टला येताना घेऊन ये. खाड्याची खूण फुलीची होती की शून्याची, यावरून आई आणि मी वाद घालतोय.