बंडू, गाडी सापडलीय

प्रिय बंडू,

आधी तब्येतीचं उरकून टाकतो. शुगर आहे तिथंच आहे, गुडघे पावसाळ्यात बोलतात, बाकी बरंय. हिची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ती ते रोज ऐकवते. झालं. आता मुद्द्याचं, जे मी घरात कुणालाच नीट सांगू शकलो नाही. पोराला सांगायला गेलो तर म्हणला बाबा फोटो टाका ना ग्रुपवर, आणि हे फोटोत कळणारं नाही, म्हणून एका बोटानं टाईप करत बसलोय, तेव्हा शुद्धलेखन काढू नको.

गाडी सापडलीय, जुनी एसटी. आपली. म्हणजे आपलीच का ते तू येऊन सांगायचंय, पण त्या काळातली नक्की.

मेव्हण्याच्या सोयऱ्याकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलतो, जिंतूर रोडला, फाट्यापासून बरंच आत. जेवण असं झालं की बसवेना, म्हणून तिथला म्हातारा म्हणला चला शेतातल्या आखाड्यावर चक्कर मारू. गेलो. चिंचेखाली कडब्याची गंजी आणि तिच्यामागं टिनाचं काहीतरी, मला आधी वाटलं शेड आहे. मग तिचे कोपरे दिसले. बंडू, शेडचे कोपरे कुणी गोल करतं का? मी म्हाताऱ्याचं बोलणं अर्ध्यात सोडून चालत सुटलो, धोतर सावरत तो मागं, त्याला वाटलं मला जोराची लागली.

चाकं नाहीत, इंजिन नाही, पुढचं रेडिएटर कधीच गेलंय. चॅसी अर्धी मातीत. स्टेअरिंगचा दांडा आहे, वरचं चाक नाही, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक खुडूक कोंबडी बसलेली, ती माझ्याकडं अशी बघत होती की सुट्टे पैसे काढा. आत खताच्या पिशव्या, फवारणीचे पंप, तुराट्या. वर बघितलं तर घंटीच्या दोरीच्या कड्या ओळीनं आहेत सगळ्या. दोरी नाही. एका सीटच्या पाठीला लाकडावर पांढऱ्या रंगात १७ लिहिलंय, मराठीत, सातचा शेपटा लांब ओढलेला, पेंटरनं मोठ्या हौसेनं काढलेला. मी त्याच्यावर हात फिरवला तर मागून म्हातारा म्हणतो, पाहुणे, इंचू असतात तिथं.

पुन्हा गेलो ते तयारीनं गेलो. जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात घेऊन. तूच शिकवलेलं ना, ओळखायचं असलं तर आधी पत्र्याला विचार म्हणून. तर खांबांना चिकटतं. टपाला चिकटतं. खालच्या पत्र्यांना नाही. डाव्या बाजूला मधेच एका पत्र्याला चिकटतं आणि शेजारच्याला नाही, दोघांचे रिबीटपण वेगळे. आता तू चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात जन्म घालवलास, तूच सांग हे काय गणित. मला जे आठवतं ते असं, की १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड, तीस सीटांची, लाकडी बॉडी आणि काथ्याच्या सीटा, मग स्टील आलं, आणि स्टील गंजतं म्हणून १९६० पासून अॅल्युमिनियम, आणि त्याच सुमारास निळा-चंदेरी रंग जाऊन लाल आला. बरोबर ना? मग ही मूळची स्टीलची आणि नंतर खालून अॅल्युमिनियमचं ठिगळ, असं माझं मत. तू काहीतरी वेगळंच म्हणशील, मला माहितीय.

रंग पण खरवडून बघितला. नखानं नाही निघत, किल्लीनं काढला. वर चुना, चुन्याखाली लाल, लालाखाली आणखी एक थर. निळा म्हणावा तर निळा, हिरवट म्हणावा तर हिरवट. आता लगेच उड्या मारू नको. जिंतूरच्या स्टँडवर तू लहानपणी निळी गाडी बघितली हे मी आजही मानत नाही. तू तेव्हा चड्डीतसुद्धा नव्हतास. पण थर आहे, एवढं लिहून देतो.

आणि मेन गोष्ट. ड्रायव्हरच्या डोक्यावर आतल्या बाजूनं एक फळी आहे, तिच्यावर इतके रंग बसलेत की साल निघावी तसे पोपडे निघतात, आणि एका पोपड्याखाली अक्षरं आहेत. मराठी नाहीत. इंग्रजी नाहीत. वळणावळणाची, खाली दोन टिंबं. मला उर्दू येत नाही. तुला अण्णांनी शिकवलेलं, त्यांचं शिक्षण अख्खं उर्दूतनं, अर्ज लिहायचे तरी उजवीकडून सुरू करायचे. परभणीत उर्दू वाचणारे काय कमी आहेत का, पण कुणाला नेलं तर चार लोकांत होईल, आणि मला ते आत्ता नकोय. काहून नको ते सांगतो.

उर्दू असलं म्हणजे निजामाच्या काळातली निघू शकते. निजाम रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्यानं १९३२ ला २७ गाड्यांवर आणि १६६ माणसांवर काम सुरू केलं, आल्बियन गाड्या, पार ग्लासगोहून आणलेल्या, ही सगळी आकडेवारी तू मला काचीगुडा गाडीत पाठ म्हणून दाखवलेली, मीटरगेजचा खडखडाट चालू असताना, आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं. त्यातली एक हैदराबादला बसभवनात ठेवलीय, डेक्कन क्वीन म्हणतात तिला. आल्बियनच्या रेडिएटरवर उगवता सूर्य असायचा म्हणे, पण इथं रेडिएटरच नाही तर सूर्य कुठून बघू. आणि १९५६ ला आपण हैदराबादेतून मुंबई राज्यात आलो तेव्हा माणसांबरोबर गाड्यापण वाटून आल्या असं अण्णा सांगायचे, त्यातलीच एखादी असेल तर? किंवा साधी लेलँडची कॉमेट असेल, साठच्या आसपासची, आणि ती फळी कुणीतरी जुन्या गाडीची काढून बसवलेली असेल. वर्कशॉपवाले तुम्ही, तुमचा काय भरवसा, हिचा हात तिला लावता. आणि हो, आल्बियन १९५१ ला लेलँडनंच विकत घेतली, म्हणजे काहीही निघालं तरी तू म्हणणार बघ लेलँडच निघाली. मी टाटावालाच राहणार. पुढं मर्सिडीजचा तारा असलेली टाटा जिंतूरच्या स्टँडात शिरायची तेव्हा सगळं स्टँड उठून उभं राहायचं, हे तू कितीही नाकारलं तरी. तुझ्या वऱ्हाडाची गाडी येलदरीजवळ गरम झाली आणि नवरदेव कळशी घेऊन पाणी आणायला गेला, ती कुठल्या कंपनीची होती ते इथं लिहीत नाही, पुन्हा वहिनींसमोर भांडण नको.

तर काळजी ही आहे. म्हाताऱ्याच्या पोराला जागा मोकळी करायचीय. नवा ट्रॅक्टर येतोय, सोयाबीनचे पैसे हातात आले की. भंगारवाला येऊन बघून गेला, पत्रा वेगळा, लोखंड वेगळं असा भाव बोलून गेला. दिवाळीच्या आत उचलणार. म्हणजे साधी गाडी निघाली तर भंगारात गेली. आणि समज उर्दू खरं निघालं, निजामाची निघाली, तर मग काय? मग मोठी माणसं येणार, कुणीतरी हैदराबादहून, कुणीतरी मुंबईहून, पेपरात फोटो, पोरगा भाव वाढवणार, आणि ती ट्रेलरवर चढून जाणार, चकाचक रंगवून कुठंतरी दोरीच्या आड उभी राहणार, आणि आपण तिकीट काढून बघायला जायचं. किंमत नाही तरी जाणार, किंमत आहे तरी जाणार. रात्री जाग आली की हेच डोक्यात. हिला सांगितलं तर म्हणली मग जाऊ द्या की, तुम्हाला काय त्यात झोपायचंय का.

तुला खरं सांगू का, मला मनातून वाटतं ती निजामाची निघू नये. साधी जिंतूर गाडीच असावी. ज्यात तुझी आजी टोपल्यात गूळ घेऊन चढायची आणि कंडक्टर चिमटा वाजवत म्हणायचा, म्हातारे, टोपलं टपावर, आणि ती म्हणायची, मग मी पण टपावर बसते. त्या गाडीला म्युझियम कशाला.

ती अमेरिकेतली बस आठवते का, तूच सांगितलेली गोष्ट. रोझा पार्क्सबाई १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीत ज्या बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीटवरून उठल्या नाहीत, ती जनरल मोटर्सची बस पुढं वर्षानुवर्षं एका शेतात पडून होती, आत लाकूड आणि अवजारं. अगदी अशीच, म्हणजे कोंबडी होती का माहीत नाही. शेवटी २००१ ला हेन्री फोर्ड म्युझियमनं ४,९२,००० डॉलरला लिलावात घेतली. पण तिथं बस स्टेशनच्या मॅनेजरनं कात्रणाच्या वहीत पेनानं नंबर लिहून ठेवला होता, २८५७, म्हणून तर पटली. आपल्या गाडीचा नंबर कोण लिहून ठेवणार? ह्यात कुणी इतिहास घडवला नाही. ह्यात लोक तालुक्याला दवाखान्यात गेले, परीक्षेला गेले, लेकी सासरी गेल्या आणि पंचमीला परत आल्या. त्याचं कात्रण नसतं. हे मी पोराला सांगायला गेलो तर तो म्हणला बाबा छान आहे, पोस्ट टाका.

मी घ्यायचा विचार करतोय. हसून घे. पोरगा सत्तर हजार म्हणतो, ऐकेल थोडं. पण ठेवू कुठं? परभणीत आपल्या घरासमोर स्कूटर लावायला जागा नाही. प्लॉट आहे पाथरी रोडचा, पण तो ह्या वर्षी विकायचा असं घरात ठरलंय, म्हणजे त्यांनी ठरवलंय. उचलायला क्रेन, आणायला ट्रेलर, आणि उचलताना पेलली नाही तर? टप खाली आणि मी बाजूला उभा. कागद काहीच नाहीत, नंबरप्लेट पण नाही. आणि आणली तरी तिचं करायचं काय हे मला कुणी विचारलं की मी गप्प. नवी करायची नाही. तू लगेच म्हणशील पत्रा बदलू, सीटा करून घेऊ, चिकलठाण्यातली माझी जुनी पोरं आहेत अजून. नको. तू लंडनला लेकीकडं गेलास तेव्हा त्या लाल राउटमास्टर बसच्या मेळाव्यात हात लावायची पण हिंमत झाली नाही म्हणालास, इतक्या चकचकीत. मला चकचकीत नकोय. चुना काढायचा, दोरी बांधायची, बस. १७ नंबर तसाच.

त्यावरून आठवलं, हैदराबादला टँकबंडवरून डबल डेकरच्या वरच्या पुढच्या सीटवर बसलो होतो तेव्हा खिडकीकडची जागा माझी ठरली होती. जाताना तू, येताना मी. येताना तू झोपलो म्हणून उठलाच नाहीस. ह्याचा हिशेब अजून बाकी आहे. तसंच मुंबईला ट्राम बघायची राहिली ती पण तुझ्यामुळं, १९६४ च्या मार्चअखेर ती बंद पडली आणि तुझ्या मामाचं मुंबईहून पत्राचं उत्तर त्यानंतर आलं. मी विसरत नाही.

बरं, वहिनींचं मोतीबिंदूचं झालं असं हिच्याकडून कळलं, आता सगळं स्वच्छ दिसत असेल, तुझं अवघड आहे. नातू दहावीला ना? त्याला म्हणाव अभ्यास कर. फ्लॅट विकायचं काय झालं ते भेटीत सांग, फोनवर तू नीट सांगत नाहीस.

आता कामाचं. दसऱ्याच्या आधी ये. रात्रीच्या गाडीनं नको, तुझ्या पाठीचं तूच सांगत असतोस, सकाळी रेल्वेनं ये, मी स्टेशनला येतो. येताना तुझी ती जाड टॉर्च, तारेचा ब्रश आणि चॅसी नंबर घासायला जे काय लागतं ते आण. फळी आधी तूच वाच, मी बाहेर म्हाताऱ्याला चहात गुंतवतो. आणि एक गोष्ट नीट ऐक, काहीही निघालं, सूर्य निघो का तारा निघो, तोंडातून आवाज काढू नको. तुझा चेहरा मला माहितीय, एक साधा जुना हॉर्न बघितला तरी लग्नातल्यासारखा फुलतो, आणि ते पोरगं फार हुशार आहे, चेहरा बघून भाव सांगतं. मी त्याला सांगून ठेवलंय की परभणीचा एक मित्र आहे, त्याला कोंबड्या पाळायच्यात, त्यासाठी खोकं बघतोय. तेव्हा तू कोंबडीवाला. गेल्या गेल्या दोनचार कोंबड्यांची चौकशी कर, अंडी किती देतात वगैरे. आणि पुणेरी बोलू नको.

तुझा,
दिन्या