बावन्न वजा अडतीस : केंद्रप्रमुख बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आपल्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमात बहुतेक भाषणे आपल्या वक्तशीरपणावर, शंभर टक्के पटनोंदणीवर आणि केंद्राच्या, म्हणजे आपल्या देखरेखीखालील आसपासच्या शाळांच्या गटाच्या, नीटनेटक्या दप्तरावर झाली. तो गौरव सर्वार्थाने योग्यच होता. परंतु माझ्या मनात जे होते ते तिथे कोणी बोलले नाही आणि ऐनवेळी मलाही बोलता आले नाही. ते आता लिहितो आहे. जाहीरपणे लिहितो आहे, कारण द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या इतर शिक्षकांनाही त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपण आमच्या शाळेत प्रथम आलात, तेव्हा तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे होत्या. शाळाभेट म्हणजे हजेरीपत्रक, पोषण आहाराच्या नोंदी, पाठ टाचण आणि शेवटी शेरेबुकात दोन ओळी, एवढाच माझा तोवरचा अनुभव होता. आपण शेरेबुक बाजूला ठेवलेत, सतरंजीवर मुलांच्या ओळीत जाऊन बसलात आणि तिसरीतल्या एका मुलाची वही उघडलीत. त्याने ५२ वजा ३८ बरोबर २६ असे लिहिले होते आणि त्यावर माझी लाल फुली होती. आपण विचारलेत, ‘‘कसं केलंस रे हे? मला सांग ना.’’ तो म्हणाला, ‘‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’’ मग आपण त्याच्या वहीची मागची पाने चाळून मला दाखवलीत. प्रत्येक उदाहरणात तो मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता, मग मोठा अंक वर असो की खाली. जिथे दशक सुटा करावा लागत नव्हता तिथे उत्तर आपोआप बरोबर येत होते आणि मी खूण करून पुढे जात होतो. आपण हळू आवाजात म्हणालात, ‘‘नियम चुकीचा आहे, पण पोरगं तो नेमाने पाळतंय.’’ अप्रगत विद्यार्थ्यांच्या यादीत त्या मुलाचे नाव मीच लिहिले होते. त्या दिवशी मला त्याची फार खंत वाटली.

पुढचा प्रसंग मी आजही नव्या शिक्षकांना सांगतो. आपण कपाटातल्या काड्या काढून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायला लावलेत आणि त्याच्यापुढे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवून म्हणालात, ‘‘यातल्या अडतीस मला दे.’’ त्याने तीन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि तो थांबला. बराच वेळ थांबला. मी सांगायला पुढे सरसावलो, तर आपण हातानेच मला थोपवलेत. अखेर त्याने उरलेल्या दोन गठ्ठ्यांपैकी एकाचा रबर सोडवला, सहा काड्या मोजून आपल्या हातावर ठेवल्या आणि खाली राहिलेले मोजून ‘‘चौदा’’ म्हणाला. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तोच अवधी तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक येतात. हे मी पुष्कळ नंतर वाचले. त्याआधीच आपल्या त्या उचललेल्या हाताने मला ते शिकवले होते. आजही प्रश्न विचारल्यावर मी मनात पाचपर्यंत मोजतो.

चूक वाचण्याची ही सवय लागल्यावर साध्या गोष्टींतही कारणे दिसू लागली. माझ्या वर्गात ‘एकोणचाळीस’ ऐकून ४१ लिहिणारी मुलगी होती. तिला ‘एक’ आणि ‘चाळीस’ ऐकू येत होते, तिने ते जोडले. ‘बावन्न’ म्हणताना आपण दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो, म्हणून काही मुले २५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड दिली गेली आणि राज्यभर वाद झाला, तेव्हा केंद्रातल्या शिक्षकांच्या एकत्र बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, आपण बाजू घ्यायला न सांगता प्रत्येकाला आपल्या वर्गातील दहा संख्यांचे श्रुतलेखन आणायला सांगितलेत. त्या कागदांवरून झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते. माझे स्वतःचे मत असे झाले की दोन्ही नावे शेजारी-शेजारी ठेवावीत, कारण बाजारात आणि घरात मुलाला बावन्नच ऐकायचे आहे.

खरे तर त्या परिषदांसाठीच आपले सर्वाधिक ऋण मानायला हवे. पूर्वी परिपत्रकांचे वाचन आणि चहापान यांतच वेळ सरत असे. आपण नेम घालून दिलात की प्रत्येकाने चुकलेल्या उत्तराची एक वही आणायची, मुलाचे नाव झाकायचे आणि त्याने असे का केले असेल यावर सर्वांनी मिळून विचार करायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. तेवढे तास मी सभागृहांत पडद्यापुढे बसूनही काढले आहेत. पण वर्गात दुसऱ्या दिवशी वापरता आले ते मला त्या वह्यांनीच दिले. दोन्ही इयत्तांची मुले गणितापुरती इयत्तेऐवजी अडचणीनुसार गटांत बसवण्याची युक्तीही तिथेच, शेजारच्या वाडीवरच्या गुरुजींकडून मिळाली.

आपला नेम आम्ही मोडलेला नाही. पुढची परिषद आमच्या शाळेत आहे आणि मी चौथीतल्या एका मुलीची वही ठेवणार आहे. ६१८ भागिले ६ याचे उत्तर ती १३ लिहिते. भागाकारातले शून्य दर वेळी गळते. काड्या-गठ्ठ्यांनी करायला दिले की १०३ अचूक सांगते, कागदावर मात्र पुन्हा १३. मधला दुवा मला अजून सापडलेला नाही. आपण यावे, तिच्याशेजारी सतरंजीवर बसावे आणि तिला विचारावे, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
आपल्या केंद्रातील एक सहशिक्षक