मागे सरका

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज जरा चढलाच. आई म्हणाली, पोरगी शिकायला गेलीय, तुमच्याशी भांडायला नाही. पण सम संख्या आणि सगळ्या नैसर्गिक संख्या सारख्याच, हे मी कसं ऐकून घेणार? १ ते १०० मध्ये सम पन्नासच. निम्म्या म्हणजे निम्म्या.

सोमवारी नाशिकच्या फेरीला गाडी भरली. डबल बेल देण्याआधी सवयीने नजर फिरवली. एक सीट रिकामी नाही, एक माणूस उभा नाही. म्हणजे ४४. डोकी मोजलीच नव्हती! तेव्हा ट्यूब पेटली. तू हेच सांगत होतीस, मोजू नका, जोड्या लावा. १ ला २, २ ला ४, ३ ला ६. उरलं कोण? कोणीच नाही. गॅलिलिओलाही १६३८ च्या पुस्तकात वर्गसंख्यांशी अशाच जोड्या लावता आल्या, आणि अनंताला कमी, जास्त, सारखं हे शब्द लागूच पडत नाहीत म्हणून त्याने हात टेकले. म्हणजे अडून बसणारा मी एकटा नाही.

गणितज्ञ हिल्बर्टच्या त्या न संपणाऱ्या खोल्यांच्या हॉटेलची मी एसटी करून टाकली. न संपणाऱ्या सीटा, सगळ्या भरलेल्या, आणि फाट्यावर एक म्हातारी हात करतेय. मी ओरडतो, "मागे सरका!" पहिला दुसऱ्या सीटवर, दुसरा तिसऱ्या. म्हातारी बसली पहिल्या सीटवर. शेवटचा कुठे जाणार, असं मी विचारलं तेव्हा तू हसलीस. शेवटची सीटच नाही, कबूल. पण बोलता बोलता तू "अनंताव्या सीटवरचा" म्हणालीस, ते चूक. सीटा संपत नाहीत, पण कुठल्याही सीटचा नंबर लिहायला घेतला तर तो लिहून संपतो. तिथे मी जिंकलो. आईला साक्षीला ठेवलंय.

आपल्या पाटणादेवीच्या शिलालेखात ज्यांचं घराणं कोरलंय, ते भास्कराचार्य खहर राशीबद्दल, म्हणजे शून्याने भागून येणाऱ्या राशीबद्दल, म्हातारी चढूनही तेवढ्याच राहिलेल्या या गाडीसारखंच लिहून गेलेत. कितीही मिळवा, कितीही काढा, ती तेवढीच.

काल मुक्कामाची गाडी होती. झोप येईना, म्हणून तुझं ते गणितज्ञ कॅंटरचं १८९१ चं तिरक्या रेघेचं प्रकरण जुन्या वेबिलाच्या (तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या) पाठीवर मांडलं. प्रवाशांची नावं फक्त ० आणि १ ची, न संपणारी. पहिला ०१०११…, दुसरा ११०००…, तिसरा ००१०१…. पहिल्याचा पहिला अंक उलटा केला, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा. नाव आलं १००…. हा गाडीत कुठेच नाही, कारण प्रत्येकाशी त्याचा निदान एक अंक तरी जुळत नाही.

मी म्हटलं, त्यात काय, मागे सरका! त्याला पहिली सीट दिली, यादी नव्याने लिहिली, पुन्हा तिरकी रेघ ओढली.

पुन्हा एक जण दारात उभा.

तुझे,
पप्पा