‘सोयीस्कर ॲम्नेशिया’ हा काय प्रकार?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर ‘पुढाऱ्यांचा सोयीस्कर ॲम्नेशिया’ हा मथळा वाचला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. दिलेली आश्वासनं पाळली नाहीत म्हणून त्यांना धारेवर धरलंत, उत्तम केलंत. पण त्यासाठी ॲम्नेशिया हे स्मृती हरवण्याच्या आजाराचं नाव कशाला? शब्द फिरवला म्हणा, कानावर हात ठेवले म्हणा, विसरल्याचं सोंग घेतलं म्हणा. मराठीत यातलं एकही सुचू नये?

माझ्या थोरल्या भावाला नऊ वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला. ताप उतरला, ॲम्नेशिया राहिला. शाळेतल्या कविता त्याला अजून तोंडपाठ आहेत, नवं मात्र काही टिकत नाही. त्यानंतर आम्ही घर बदललं. इथल्या दाराची कडी थोडी वर उचलूनच सरकवावी लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दरवेळी सांगावं लागतं, दादाला नाही. त्याचा हात बरोबर कडी उचलतो, आणि आत पाऊल टाकलं की तो विचारतो, “हे कुणाचं घर गं?”

डॉक्टरांनी तेव्हा अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची हकीकत सांगितली होती. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. पुढे २००८ मध्ये तो गेला तोवर नव्या आठवणी जवळजवळ साठल्याच नाहीत. आरशात पाहून चांदणी गिरवायला मात्र त्याचा हात शिकला, आणि आपण हे आधी कधी केलंय याचा त्याला पत्ताही नसे. यात सोय कुणाची झाली, सांगा.

ॲम्नेस्टी हा शब्दही त्याच ग्रीक मुळातला. गुन्हा जाणूनबुजून विसरून माफी देणं, असा त्याचा अर्थ. ॲम्नेशियात जाणूनबुजून काहीच नसतं.

कालचा मथळा दादाने मोठ्याने वाचला. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव लिहून ठेवलंय, ते तो रोज वाचतो. शब्द त्याने ओळखला. म्हणाला, “म्हणजे मी सोंग करतो असं लोकांना वाटतं?” मी त्याची समजूत काढली. दहा मिनिटांत तो विसरला. संध्याकाळी पेपर पुन्हा हाती घेतला, पहिल्यापासून वाचला आणि पुन्हा तेच विचारलं, तितकाच चेहरा पाडून. या खेपेला माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आणखी एक. तुमच्या आरोग्य पुरवणीतही ॲम्नेशिया, डिमेन्शिया, अल्झायमर हे एकाच अर्थाने छापलेले असतात. डिमेन्शियात स्मरणाबरोबर विचार, भाषा, रोजचे व्यवहारही ढासळत जातात, आणि त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. छापण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांना दाखवत जा.

मथळ्याबद्दलची दुरुस्ती पहिल्याच पानावर छापावी, आतल्या पानात नको. कात्रण मी दादाच्या वहीत त्या नावाखाली चिकटवणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक