ती तीन वर्षं गॅप कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे रिझल्ट लागले की पेपरात ॲडमिशनच्या बातम्या सुरू होतात, कटऑफ किती, सीट किती, मेरिट लिस्ट कधी, सगळं येतं. पण ज्या मुलांनी थोडं आयटीआय आणि थोडं ओपन स्कूल असं करत बारावी गाठलीय त्यांचं काय होतं ते कुठेच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या धाकट्यानं दहावीनंतर आयटीआयमधून एओसीपी केलं, म्हणजे केमिकल प्लांटमधल्या अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड. बडोद्यात हा ट्रेड काय ते समजावायला नको, नंदेसरीच्या बाजूला एवढ्या केमिकल कंपन्या आहेत की प्रत्येक गल्लीत एखादा तरी एओसीपीवाला असतोच. दोन वर्षं आयटीआय, मग एक वर्ष एका कंपनीत अप्रेंटिस. नाइट शिफ्टला दर तासाला टेंपरेचर, प्रेशर बघून लॉगशीट भरायची, पंपाचा आवाज बदलला तर लगेच सांगायचं, सकाळी घरी आला की डोळे लाल. पण त्याच वर्षात त्याला केमिस्ट्रीची गोडी लागली. टायट्रेशनमध्ये एका थेंबानं फ्लास्कमधला रंग बदलतो आणि तो थेंब चुकला की सगळं परत करावं लागतं, हे तो मला पोळी खाता खाता हातवारे करून दाखवायचा. मग म्हणाला आई, करता तर येतं पण असं का होतं ते शिकायचंय, बीएस्सी करतो. नोकरी सांभाळून एनआयओएसमधून, म्हणजे सरकारी ओपन स्कूलमधून, सायन्स घेऊन बारावी दिली, पास झाला.

ॲडमिशनला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी फाइल चाळली, दहावीची मार्कशीट बघितली, बारावीची बघितली आणि म्हणाल्या मधे गॅप आहे, गॅपचं ॲफिडेव्हिट लावा. मी म्हटलं अहो गॅप कसली, ही बघा आयटीआयची मार्कशीट, हे अप्रेंटिसचं सर्टिफिकेट. तर म्हणे त्याला फॉर्ममध्ये कॉलम नाही. त्या बाईंना मी दोष देत नाही, कॉलम नाही तर त्या तरी कुठे भरणार. नोटरीकडे गेलो, त्यानं नेहमीचा मजकूर टाइप करून दिला, त्यात लिहिलेलं की या काळात मी कुठल्याही संस्थेत शिक्षण घेत नव्हतो. पोरानं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. आई हे खोटं आहे, मी नाही सही करणार. नाही केली. धावपळीत तारीख गेली आणि वर्षही गेलं.

मला हेच कळत नाही की सरकार एकीकडे सांगतं स्किल शिका आणि दुसरीकडे स्किल शिकलेल्या मुलाला लिहून द्यावं लागतं की मी काहीच शिकलो नाही. कागदावर तर सगळं आहे. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की व्होकेशनल आणि ॲकॅडमिक यांच्यात भिंत नको. 2023 मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं, त्यात 30 तासांच्या शिक्षणाला 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, मग ते तास वर्गातले असोत की वर्कशॉपमधले. डिप्लोमावाल्यांना तर किती वर्षं झाली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट घेतात. मग बीएस्सीच्या फॉर्ममध्ये एक कॉलम वाढवायला काय हरकत आहे?

माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिच्या मुलीनं दोन विषय ए लेव्हलचे, म्हणजे तिकडच्या बारावीचे, घेतले आणि तिसरा बीटेक, म्हणजे आपलं इंजिनिअरिंगचं बीटेक नव्हे, तिकडे शाळेतच व्होकेशनल कोर्स असतो त्याचं ते नाव आहे. तिकडे युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशनसाठी त्याचे पॉइंट ठरलेले असतात, ए लेव्हलला ए ग्रेड आली तर 48 आणि एका ए लेव्हलएवढ्या बीटेकला डिस्टिंक्शन आलं तरी 48. सगळ्या युनिव्हर्सिट्या सगळं घेतात असं नाही हं, काही ठिकाणी नुसते पॉइंट चालत नाहीत, अमुक विषय ए लेव्हललाच हवा म्हणतात. पण ते कोर्सच्या माहितीत आधीच लिहिलेलं असतं, मुलगी फॉर्म भरण्याआधी घरी बसून ठरवू शकते. नाही म्हणायचं तर आधी म्हणा, एवढंच तर मागतेय मी.

एक ओळखीचे प्राध्यापक म्हणाले की ही मुलं मॅथ्समध्ये अडतात. अडत असतील, मान्य आहे, मग पहिल्या सेमिस्टरला ब्रिज कोर्स ठेवा, फीही भरू. आणि हे सगळं बडोद्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण महाराज सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हातानं काम करत शिकण्यासाठीच, दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. पुढे 1949 मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा तेच कलाभवन त्याची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं. म्हणजे आपल्याकडे वर्कशॉप आधी आलं आणि विद्यापीठ नंतर.

तर संपादक साहेब, तुमच्या पेपरातून कॉलेजांना एवढं विचारा की आयटीआय आणि अप्रेंटिसशिप यासाठी फॉर्ममध्ये जागा करणार का, कुठल्या कोर्सला काय धरणार ते फॉर्म सुटायच्या आधी जाहीर करणार का, आणि सर्टिफिकेट हातात असताना गॅपचं ॲफिडेव्हिट मागणं बंद करणार का. माझा मुलगा पुढच्या जूनमध्ये परत फॉर्म भरणार आहे. सही न केलेला तो स्टॅम्प पेपर त्यानं फाइलमध्ये तसाच ठेवलाय.

आपली,
एक वाचक आई
दांडिया बाजार, बडोदा