अनिकेतला पत्र: लाजेनं वजन उतरत नाही

लातूर

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रोहिणीच्या लग्नाला येणार नाही म्हणालास. कारण विचारलं तर "आई, सगळे तेच बोलतात" एवढंच बोलून फोन ठेवलास. त्याआधी वजन उतरवण्याच्या त्या इंजेक्शनचं विचारत होतास, ऑफिसातला तुझा मित्र घेतो ते. दोन्ही गोष्टी फोनवर घाईत बोलण्यासारख्या नाहीत, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. या विषयात जे पक्कं माहीत आहे ते तुझ्यापर्यंत पोचायलाच हवं.

औशाला साखरपुड्याच्या पंगतीत मी तुझ्या समोरच्याच रांगेत होते. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन तुझ्यापुढं आला आणि सुभाषकाका म्हणाले, "त्याला नको रे वाढू, त्याचं आधीच लई झालंय." अख्खी रांग हसली. तूही हसलास, पानावर आडवा हात धरलास आणि भात तसाच टाकून उठलास. त्याच रात्री मी पाणी प्यायला उठले तर तू दिवा न लावता स्वयंपाकघरात उभा होतास. शंकरपाळ्यांचा डबा काखेत, एक घास तोंडात, दुसरा हातात. मी तशीच मागं फिरले. त्या क्षणी कुणी एक शब्द बोललं असतं तरी तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आता हे वाच. 2011 साली येल विद्यापीठात रेबेका पूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बायकांना जाड माणसांची टिंगल करणारी चित्रफीत दाखवली, काहींना साधीच. मग सगळ्यांपुढं खाऊ ठेवला. वजन जास्त असलेल्या बायकांपैकी ज्यांनी टिंगल पाहिली होती, त्यांनी साधी चित्रफीत पाहिलेल्यांच्या तिपटीहून जास्त कॅलरी खाल्ल्या. टिंगल त्यांची स्वतःची नव्हती, पडद्यावरच्या परक्या माणसांची होती. तू तर भर पंगतीत बसला होतास.

हे असं का होतं ते जॅनेट टोमियामा यांनी 2014 साली नीट मांडलं. अपमान हा ताण आहे. ताणात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, गोड आणि तेलकट खावंसं वाटतं, पोटावर चरबी साठायला मदत होते. वजन वाढतं, की लोक आणखी बोलतात आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अमेरिकेत सहा हजारांवर प्रौढांची 2006 आणि 2010 अशी दोनदा पाहणी झाली. सुरुवातीला जे लठ्ठ नव्हते त्यांच्यापैकी वजनावरून वाईट वागणूक मिळालेले लोक पुढं लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. अशा पाहणीत एकामुळंच दुसरं झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण "बोललं की लाज वाटते आणि माणूस सुधारतो" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एवढासाही पुरावा मला सापडलेला नाही, आणि मी तो शोधून पाहिला आहे.

तुझ्या डाएटचं. दिवसभर सूप आणि काकडी, रात्री अकराला पार्सल, आणि मग "आजचा दिवस गेलाच" म्हणून आणखी काहीतरी. हे तुझ्या मनाच्या कमकुवतपणानं होत नाही. 1975 साली हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग चव सांगायच्या निमित्तानं आइस्क्रीम पुढं ठेवलं. ज्या एरवी डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्याल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या कायम तोंडावर ताबा ठेवून जगत होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. बंधन एकदा मोडलं की ते सगळंच सुटतं.

आणि उपाशी माणसाचं डोकं कसं चालतं तेही ऐक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, मिनेसोटात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही सगळी स्वतःहून आलेली, निरोगी पोरं. थोड्याच दिवसांत त्यांना खाण्याशिवाय काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताटल्या चाटायची, चिडचिड करायची. नंतर पोटभर मिळायला लागलं तरी काहींची भूक कितीतरी काळ भागेना. यंदा वेळ अमावस्येला शेतात तू आंबिलीचा पेला बाजूला सारलास आणि मोबाइलवर भज्जीच्या कॅलरी शोधत बसलास, तेव्हा मला हीच पोरं आठवली. हिरवे वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरा, चुका घातलेल्या भज्जीला घाबरायचं? आजूबाजूला सगळं शिवार जेवत होतं आणि माझं लेकरू आकडे मोजत होतं.

हे तुझ्या एकट्याचं नाही, तुझ्या रक्तातही आहे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 540 माणसांचा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा बांधा जन्मदात्या आईबापांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी जुळला नाही. तुझे आजोबा आठव, त्यांचे भाऊ आठव. त्यावर भर पडली ती तुझ्या अकरावी-बारावीची. लातूरची ती दोन वर्षं मी जवळून पाहिली आहेत. पहाटे क्लास, दिवसभर बाक, रात्री टेस्ट सिरीज, झोप पाच तास, खेळ बंद. या शहरानं मार्कांसाठी मुलांची शरीरं किती खर्ची घातली, याचा हिशोब कुणी मांडत नाही याचा मला राग आहे.

एकदा वाढलेलं वजन उतरवायला गेलं की शरीर त्याला विरोध करतं, हेही पक्कं माहीत आहे. 2011 च्या एका अभ्यासात वजन घटवलेल्या लोकांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षभरानंतरही चढलेलं होतं आणि पोट भरल्याचं कळवणारी हार्मोन्स उतरलेली होती. टीव्हीवर वजन घटवण्याची स्पर्धा खेळलेल्या 14 जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांचं शरीर बसल्याजागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. त्यांना आळशी म्हणायची कुणाची हिंमत आहे?

म्हणून त्या इंजेक्शनला माझा मुळातून विरोध नाही. आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-1 या हार्मोनचं काम ते करतं, भूक शांत होते. 2021 च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड या अशाच औषधानं 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन उतरलं, औषध नसलेलं, नुसत्या नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्केसुद्धा नाही. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं हे दीर्घकाळ चालणारं औषध आहे, लग्नापुरतं घ्यायचं नाही. मळमळ, उलट्या होतात, चरबीबरोबर स्नायूही उतरतात. आपल्याकडे 2025 मध्ये मौंजारो नावाचं असं इंजेक्शन आलं, मग वेगोव्ही आलं, आणि लगेच मित्राच्या पेनातून एक डोस घेऊन बघायची टूम निघाली. ते तू करायचं नाहीस. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे जा, तपासण्या कर आणि त्यांनी लिहून दिलं तर घे. घेतलंस तर कुणापासून लपवायचं कारण नाही.

त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे मात्र परत जाऊ नकोस. गुडघा दुखतो म्हणून गेलास आणि गुडघ्याला हातही न लावता "आधी वजन कमी करा" ऐकून आलास. असं वागवलं की माणूस दवाखान्याची पायरी चढायचंच सोडतो आणि मग खरा आजारही अंगावर निघतो. जगभरातल्या तज्ज्ञांनी 2020 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये एकत्र निवेदन काढून वजनावरून होणारी ही हेटाळणी बंद करा म्हणून सांगितलं आहे, डॉक्टरांनाही.

तब्येतीचं मला काहीच वाटत नाही असं समजू नकोस. तुझ्या बाबांना चाळिशीतच शुगर निघाली. पण काट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चालणं आणि खाण्यातले बदल शिकवले. तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, आणि वजनात फारसा फरक पडलेला नव्हता. काटा हलला नाही तरी चालणं वाया जात नाही, हे मला तुझ्या मनात पक्कं बसवायचं आहे. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), बीपी आणि कमरेचा घेर, एवढं आधी करून घे आणि मला पाठव.

आणि ते रात्रीचं खाणं. भराभर, लपून, आवरता येत नाही असं वाटत, नंतर स्वतःचीच किळस येईपर्यंत. आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं चालत असेल तर तो आजार आहे. 2013 पासून मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात त्याला वेगळी नोंद आहे आणि त्यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, चांगली लागू पडते. त्या उपचाराची सुरुवात उपासानं होत नाही, वेळेवर जेवण्यानं होते. सकाळी नाश्ता, दुपारी डबा, संध्याकाळी काहीतरी, रात्री जेवण. मध्ये चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवायचं नाही. डब्यात भाकरी आणि पिठलं ने, संध्याकाळी फुटाणे-शेंगदाणे खिशात ठेव. पुण्यात चांगले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, दोन-तीन नावं मी काढून ठेवली आहेत. पैशांची काळजी करू नकोस.

घरच्यांचं मी बघते. 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की जिथं आईवडील मुलांशी वजनावर बोलत, तिथली मुलं उपासाचे आणि इतर घातक प्रकार जास्त करत; जिथं बोलणं चांगल्या खाण्याबद्दल असे तिथली कमी. आपल्या घरात यापुढं कुणाच्याही अंगावर बोलणं होणार नाही, तुझ्या नाही आणि रोहिणीच्याही नाही. तिलाही "लग्नाआधी जरा बारीक हो" म्हणून चिकटलेच आहेत सगळे. सुभाषकाकांना मी फोन केला. "वहिनी, चेष्टेत बोललो," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, चेष्टा असेल, पण पुन्हा नको. लेकरू पानावरून उठलं होतं." थोडा वेळ गप्प राहिले, मग "बरं" म्हणाले. आत्याशीही बोलले आहे. लग्नात कुणी काही बोललंच तर मी तिथंच असेन आणि तिथंच उत्तर देईन.

हळद आदल्या दिवशी उदगीरलाच आहे, सकाळी पोचशील अशी ट्रॅव्हल्स धर. कुर्ता गंजगोलाईतल्या आपल्या शिंप्याकडे टाकायचा आहे, तर आत्ताच्या अंगाची मापं पाठव: छाती, पोट, बाही, उंची. "बारीक झाल्यावर शिवू" असं म्हणू नकोस, त्याला पंधरा दिवस लागतात.

तुझी,
आई