वाणाच्या पिशव्यांवरील फिरत्या फुलाविषयी सूचना

सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवासाठी आपण करीत असलेल्या पिशव्यांच्या झडपेवरील फिरते फूल 300 जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटचेच कापावे. त्याची एक पाकळी लांब ठेवावी, म्हणजे फूल फिरवताच ती पिशवीच्या चिरेत अडकून तोंड बंद होईल. गेल्या खेपेस फूल झडपेला जोडणाऱ्या पितळी पिनेचे मागे दुमडायचे दोन पाय मी घट्ट दाबल्याने फुले फिरेनात. म्हणून भोक किंचित मोठे ठेवून, फूल आणि झडप यांमध्ये पुठ्ठ्याची छोटी चकती घालून, नखाच्या जाडीएवढी फट राखावी. आतून पिनेच्या पायांवर कागद चिकटवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा आपल्या सांगलीच्या हळदीची पुडी फाटेल. प्रत्येकीने एक नमुना शनिवारच्या बैठकीस आणावा.